हार पचते, पंचांची चूक पचत नाही

एखादी मोठी स्पर्धा संपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी सराव, व्यायाम आणि दुखापती यांविषयी विचारणारे वाचक पंचांच्या निर्णयांविषयी, रडणाऱ्या मुलांविषयी आणि जर्सीवरून वर्गात झालेल्या भांडणांविषयी लिहू लागतात. अशा पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. मी क्रीडाशिक्षिका होते आणि शालेय सामन्यांत अनेक वर्षे पंच म्हणूनही उभी राहिले. त्यामुळे उत्तर देताना शिट्टी हाती असलेल्या माणसाची बाजूही माझ्या मनात असते, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याचा आवडता संघ बाद फेरीच्या सामन्यात हरला. शेवटच्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्यांना दिलेली पेनल्टी चुकीची होती, असे समालोचकही म्हणत होते. मुलगा त्या रात्री जेवला नाही. ‘आपल्याला फसवले’ असे म्हणत तो बराच वेळ रडला आणि त्याने आपली लाडकी जर्सी कपाटाच्या तळाशी फेकून दिली. ‘अरे, खेळच तर आहे’ असे मी म्हणालो, तेव्हा तो माझ्यावरच चिडला. मी काय बोलायला हवे होते? — एक वडील

उत्तर : मुलाला सावरावे हाच तुमचा हेतू होता, यात शंका नाही, पण ‘खेळच तर आहे’ हे वाक्य त्या क्षणी मुलाला धीर देत नाही, तर ज्या गोष्टीत त्याने जीव ओतला ती गोष्टच फुटकळ आहे असे त्याला सुनावते. त्याच्याशेजारी बसून ‘मलाही वाईट वाटते आहे’ एवढेच म्हटले असते, तरी त्या रात्रीपुरते ते पुरेसे होते.

आता त्याच्या तोंडच्या दोन शब्दांकडे पाहू. पहिला शब्द ‘आपल्याला’. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सात विद्यापीठांतील विद्यार्थी सोमवारी वर्गात काय घालून येतात याची त्यांनी नोंद ठेवली होती. विद्यापीठाचा फुटबॉल संघ आदल्या शनिवार-रविवारी जिंकलेला असला, की विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येणाऱ्यांचे प्रमाण वाढत असे. त्याच अभ्यासात विद्यार्थ्यांना दूरध्वनी करून सामन्यांचे वर्णन करायला सांगितले, तेव्हा विजयाविषयी बोलताना ‘आम्ही’ हा शब्द अधिक वेळा आला आणि पराभवाविषयी बोलताना कमी वेळा. म्हणजे मोठी, शिकलेली मुलेही पराभवानंतर हळूच दोन पावले मागे सरकतात. तुमचा दहा वर्षांचा मुलगा मात्र हरल्यावरही ‘आपल्याला’ म्हणतो आहे. त्याने जर्सी टाकली असेल, संघ टाकलेला नाही. ती जर्सी आहे तिथेच राहू द्या. तिची घडी घालून ती पुन्हा वर ठेवण्याची घाई तुम्ही करू नका. ती त्याची आहे, आणि बाहेर काढायची तेव्हा तोच काढील.

दुसरा शब्द ‘फसवले’. हा शब्द मात्र त्याच्याबरोबर बसून तपासायला हवा, कारण फसवणुकीला हेतू लागतो आणि चुकीला लागत नाही. या फरकाविषयी मुलांशी बोलायचे झाले तर मी त्यांना बेसबॉलमधली एक हकिगत सांगते. सामन्यातील सलग सत्तावीस फलंदाजांपैकी एकालाही पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, पोहोचू न देता बाद करणे, हे त्या खेळातील गोलंदाजाचे सर्वांत दुर्मीळ यश मानले जाते. 2 जून 2010 रोजी डेट्रॉइट टायगर्सच्या आर्मांडो गॅलारागाने सव्वीस फलंदाज बाद केले आणि सत्ताविसावाही स्पष्टपणे बाद होता, पण पहिल्या बेसवरचे पंच जिम जॉयस यांनी त्याला नाबाद ठरवले. सामन्यानंतर चित्रण पाहिल्यावर जॉयस यांना आपली चूक उमगली, आणि त्यांनी स्वतः गॅलारागाला भेटून क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात जॉयस होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या जागेमागे, उभे असताना संघाची यादी त्यांच्या हाती देण्यासाठी गॅलारागालाच पाठवण्यात आले. त्या वेळी जॉयस यांचे डोळे भरून आले होते. निर्णय कधीच बदलला गेला नाही, आणि गॅलारागाचा तो विक्रम नोंदवहीत नाही. तरीही त्या दोघांपैकी कोणी कोणाला फसवले, असे ही हकिगत ऐकलेले एकही मूल मला आजवर म्हणालेले नाही.

राहिला प्रश्न त्या पेनल्टीमुळेच संघ हरला का, हा. तो त्याच रात्री काढू नये. दोन-तीन दिवसांनी काढावा. क्रिकेट पाहणारे मूल असेल तर 14 जुलै 2019 रोजी लॉर्ड्सवर झालेला एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना यासाठी फार उपयोगी आहे. इंग्लंडला शेवटच्या तीन चेंडूंत नऊ धावा हव्या होत्या. मार्टिन गप्टिलची फेक दुसऱ्या धावेसाठी झेपावलेल्या बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेली आणि पंचांनी सहा धावा दिल्या. फेक झाली त्या क्षणी दुसऱ्या धावेसाठी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले नव्हते, त्यामुळे नियमाप्रमाणे पाचच धावा मिळायला हव्या होत्या. पंच कुमार धर्मसेना यांनी पुढे ही चूक जाहीरपणे मान्य केली. सामना 241 धावांवर बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि अधिक चौकार-षटकार मारल्याच्या निकषावर इंग्लंड विजेते ठरले. ती एक धाव कमी मिळाली असती तर न्यूझीलंड जिंकले असते, असे आपण सहज म्हणतो. पण तेव्हा दोन चेंडू शिल्लक होते, ते खेळण्यासाठी स्टोक्सऐवजी आदिल रशीद समोर आला असता आणि पुढे काय झाले असते हे कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय थोड्याच वेळापूर्वी ट्रेंट बोल्टने स्टोक्सचा झेल घेतल्यावर त्याचा पाय सीमारेषेला लागला होता आणि बळीऐवजी षटकार मिळाला होता, हेही त्याच सामन्यात घडले. तुमच्या मुलाला कागद-पेन्सिल द्या आणि सामना जिथे जिथे वळला असता अशा जागा आठवून लिहायला सांगा. पेनल्टी त्या यादीत असू द्या, ती पुसायला सांगू नका. फक्त यादीत आणखी काय काय येते हे त्याचे त्यालाच दिसू द्या.

प्रश्न : इतके कॅमेरे असताना पंचांच्या चुका होतातच कशा? सगळे निर्णय यंत्रांकडे का सोपवत नाहीत? — एक नियमित वाचक

उत्तर : जे मोजता येते ते यंत्राकडे सोपवलेलेच आहे. नोव्हेंबर 1992 मध्ये डर्बन कसोटीत सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचांनी चित्रण पाहून धावबाद दिलेला पहिला फलंदाज ठरला. 27 जून 2010 रोजी जर्मनीविरुद्ध फ्रँक लॅम्पार्डने मारलेला चेंडू गोलरेषेच्या बराच आत पडूनही गोल दिला गेला नाही. त्यानंतर दोन वर्षांनी फुटबॉलच्या नियम मंडळाने गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता दिली आणि 2014 च्या विश्वचषकात ते वापरले गेले. चेंडूने रेषा ओलांडली का, बॅट रेषेच्या आत होती का, हे मोजमापाचे प्रश्न आहेत. धक्का जाणूनबुजून दिला का, हात नैसर्गिक स्थितीत होता का, हे समजुतीचे प्रश्न आहेत, आणि तेच चित्रण दहा वेळा पाहूनही दोन जाणकारांचे त्यांवर एकमत होत नाही.

अमेरिकी फुटबॉलने याचा अनुभव घेतला आहे. 20 जानेवारी 2019 रोजी न्यू ऑर्लीन्स सेंट्सच्या खेळाडूला, चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, लॉस एंजेलिस रॅम्सच्या बचावपटूने जोरदार धडक दिली. मैदानावरच्या एकाही पंचाने दंड दिला नाही आणि सेंट्स जादा वेळेत 26-23 असे हरले. लोकांचा संताप इतका होता की प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. पुढच्या हंगामात अशा अडथळ्यांचे निर्णय चित्रण पाहून तपासण्याची सोय करण्यात आली. पण किती स्पष्ट चूक म्हणजे स्पष्ट चूक, याचाच नवा वाद सुरू झाला आणि एका हंगामानंतर तो नियम सोडून देण्यात आला. यंत्रे वाढावीत असेच मला वाटते, कारण ढोबळ चुका त्यांनी खरोखर कमी केल्या आहेत. पंचांवरचा राग मात्र यंत्रे आणून संपणार नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत महिन्यातून एक दिवस गणवेशाऐवजी आवडीचे कपडे घालून येण्याची मुभा आहे. या महिन्यात तो दिवस नेमका एका मोठ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आला आणि निम्मी मुले जर्सी घालून आली. हरलेल्या संघाची जर्सी घातलेल्या एका मुलाला चिडवून ढकलण्यात आले, त्याची जर्सी फाटली आणि त्याने उलट हात उचलला. शिक्षकांनी तो मारताना पाहिला, म्हणून त्यालाच जर्सी उतरवून दुसरा सदरा घालायला लावले. आता दोन्ही बाजूंचे पालक भेटून गेले आहेत. जर्सीवर सरसकट बंदी घालावी का? — एक मुख्याध्यापिका

उत्तर : बंदीचा विचार नंतर करू. आधी त्या दिवशी जो निर्णय दिला गेला त्याविषयी मला मोकळेपणाने लिहायचे आहे, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. पंचाच्या हातून होणारी एक नेहमीची चूक असते. पहिला धक्का चेंडूपासून दूर, नजरेआड दिला जातो. ज्याला तो बसतो तो खेळाडू वळून हात उगारतो. तोवर पंचाची मान तिकडे वळलेली असते आणि कार्ड दुसऱ्याला मिळते. मी स्वतः ही चूक केलेली आहे. तुमच्या शिक्षकांनी त्या दिवशी हेच केले. त्यांनी जे पाहिले ते खरे होते, पण ते अर्धे होते. आणि त्या मुलाच्या अंगावरून संघाची जर्सी उतरवून घेतल्यामुळे त्याला आणि भोवती उभ्या असलेल्या सगळ्या मुलांना असा निकाल कळला की दोष जर्सीचा होता. उलट हात उचलल्याबद्दल त्याला समज द्यायलाच हवी, पण ज्यांनी ढकलले त्यांच्याआधी नव्हे आणि त्यांच्यापेक्षा कडकही नव्हे. हा निर्णय बदलता येण्यासारखा आहे. मैदानावरच्या पंचाला ही सोय नसते, मुख्याध्यापिकेला असते. ज्या वर्गासमोर जर्सी उतरवली गेली त्याच वर्गासमोर ‘आम्ही पूर्ण गोष्ट पाहिली नव्हती’ असे तुम्ही स्वतः सांगावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

आता बंदी. मी बंदीच्या बाजूची नाही, आणि त्याचे कारण लँकेस्टर विद्यापीठातील मार्क लीव्हाइन आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात चांगले दिसते. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायला सांगितले आणि वाटेत एक धावणारा माणूस त्यांच्यासमोर घसरून पडला व घोटा धरून कण्हू लागला. त्याच्या अंगावर युनायटेडची जर्सी असली की जवळजवळ सगळे थांबले; लिव्हरपूलची जर्सी किंवा साधा सदरा असला तर बहुतेक जण पुढे निघून गेले. मग प्रयोग पुन्हा केला, पण या वेळी त्यांच्याशी एका संघाचे चाहते म्हणून न बोलता फुटबॉलवर प्रेम करणारी माणसे म्हणून बोलण्यात आले. तेव्हा लिव्हरपूलच्या जर्सीतील माणसालाही बहुतेकांनी मदत केली. जर्सी तीच होती, वैरही तेच होते. आधी त्यांच्याशी काय बोलले गेले, एवढाच फरक होता. शाळेला हे बोलणे सहज करता येते. त्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर ‘आज किती संघांचे चाहते आपल्याकडे आहेत ते पाहू’ असे म्हणून प्रत्येक संघाच्या मुलांना एकेक करून हात वर करायला सांगणे हे छोटे काम आहे, पण त्यामुळे जर्सीतील मूल शत्रूच्या गोटातले न वाटता आपल्यासारखेच खेळवेडे वाटू लागते.

याच प्रयोगातील आणखी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे : साध्या सदऱ्यातील माणूस दुसऱ्या वेळीही बहुतेकांकडून दुर्लक्षितच राहिला. तुमच्या शाळेत निम्मी मुले जर्सी घालून आली, म्हणजे निम्मी आली नाहीत. त्यांतील काहींना खेळात रस नसेल, आणि काहींच्या घरी अस्सल जर्सी घेणे परवडत नसेल. नियम करताना ही मुले आधी डोळ्यांसमोर आणावीत. संघाचा रंग अंगावर असला की तो दिवस साजरा झाला असे धरावे आणि हाताने काढलेल्या चिन्हाला दुकानातल्या चिन्हाइतकाच मान असावा. 2019 साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका चौथीतल्या मुलाकडे आवडत्या टेनेसी विद्यापीठाचा सदरा नव्हता. संघाचे रंग घालून येण्याच्या दिवशी त्याने नारिंगी सदऱ्यावर स्वतः काढलेल्या अक्षरांचा कागद लावला आणि शाळेत त्याची टिंगल झाली. त्याच्या शिक्षिकेने ही गोष्ट लोकांसमोर मांडली. विद्यापीठाने त्याचेच चित्र छापलेले अधिकृत सदरे काढले आणि पुढे त्याला शिष्यवृत्तीही देऊ केली. प्रत्येक मुलाच्या मदतीला विद्यापीठ धावून येणार नाही, पण ती शिक्षिका मात्र प्रत्येक शाळेत असू शकते.

नियम फार नकोत. कोणत्याही संघाची जर्सी चालेल किंवा कोणत्याच नाही. शाळेतल्या बहुसंख्य मुलांच्या संघाला सूट आणि प्रतिस्पर्ध्यांना मनाई असे कधीही होऊ नये. त्या दिवशी शिक्षकांनी जर्सी घालावी की नाही हे त्यांच्यावर सोडा, पण भांडण सोडवायला जाणाऱ्याच्या अंगावर एका बाजूची जर्सी नसलेली बरी. जुगार किंवा मद्याच्या जाहिराती छापलेल्या जर्सी शाळेत नकोत, हे सांगण्यास संकोच करू नका. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील क्लबांनीही 2025-26 च्या हंगामानंतर जर्सीच्या दर्शनी भागावरून जुगार कंपन्यांची नावे काढण्याचे 2023 साली मान्य केले. आणि जो काही नियम कराल तो स्पर्धा सुरू होण्याच्या आधी जाहीर करा. सामन्याच्या मध्यावर बदललेला नियम कितीही योग्य असला, तरी तो एका बाजूसाठीच केला आहे असे दुसऱ्या बाजूला वाटतेच.

प्रश्न : आदरणीय बाई, मी आठवीत आहे. आमचा सगळा गट एकाच फुटबॉल संघाचा चाहता आहे. गेल्या सामन्यात आमच्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागला होता आणि तरीही पंचांनी गोल दिला. मी दुसऱ्या दिवशी शाळेत म्हणालो की तो गोल खरा नव्हता. तेव्हापासून मित्र मला ‘गद्दार’ म्हणतात, आणि ‘आता तू ही जर्सी घालू नकोस’ असे त्यांनी मला सांगितले आहे. मी गप्प बसायला हवे होते का? — एक विद्यार्थी

उत्तर : नाही. तू जे पाहिलेस तेच बोललास. तुझे मित्रही खोटे बोलत नसतील, असे मात्र मी तुला सांगेन. कदाचित त्यांना तो हात दिसलाच नसेल. 23 नोव्हेंबर 1951 रोजी अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांमध्ये फुटबॉलचा एक अतिशय धसमुसळा सामना झाला. प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. नंतर आल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच चित्रफीत दाखवली आणि दिसतील तेवढे नियमभंग लिहून ठेवायला सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या खेळाडूंचे सरासरी 9.8 नियमभंग दिसले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्याच खेळाडूंचे 4.3 दिसले. चित्रफीत एकच होती आणि कोणीही मुद्दाम खोटे लिहीत नव्हते. आपला संघ आपल्या डोळ्यांवर इतका परिणाम करतो. तुझ्या डोळ्यांनी तो परिणाम ओलांडून पाहिले, आणि हे सोपे नसते.

तुझ्या गटाला मी एक प्रश्न विचारीन. 22 जून 1986 रोजी मेक्सिको सिटीत इंग्लंडविरुद्ध दिएगो मॅराडोनाने हाताने गोल केला, तो हात ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर यांना दिसला नाही आणि गोल दिला गेला. त्यानंतर चारच मिनिटांनी त्याच मॅराडोनाने स्वतःच्या अर्ध्या मैदानातून धाव घेत एकामागून एक बचावपटू मागे टाकून दुसरा गोल केला, आणि 2002 साली फिफाने घेतलेल्या मतदानात तो शतकातील सर्वोत्तम गोल ठरला. अर्जेंटिनाच्या चाहत्याने दुसऱ्या गोलाचा अभिमान बाळगण्यासाठी पहिला गोल डोक्याने केला होता असे म्हणण्याची काही गरज आहे का? माझ्या मते नाही. उलट पहिल्या गोलाविषयी जो खरे बोलतो, त्याच्या तोंडून दुसऱ्या गोलाचे कौतुक ऐकताना इंग्लंडचा चाहताही मान डोलावील. तुमच्या संघाविरुद्ध उद्या चुकीचा निर्णय गेला आणि तू ‘हा अन्याय आहे’ असे म्हणालास, तर तुझ्यावर विश्वास ठेवावा लागेल, कारण तू आपल्या बाजूची चूकही सांगतोस हे सगळ्यांना ठाऊक आहे. गटातल्या बाकीच्यांना हा लाभ नाही.

जर्सी घालण्याची परवानगी मित्रांनी दिलेली नव्हती, त्यामुळे त्यांना ती काढूनही घेता येत नाही. पुढच्या सामन्याच्या दिवशी ती घाल. वाद उकरून काढू नकोस, पण कोणी विचारलेच तर ‘हात लागला होता, आणि संघ माझाच आहे’ एवढे सांगून सामना बघायला बस. ‘गद्दार’ म्हणणे थांबले नाही, किंवा तुला जाणीवपूर्वक एकटे पाडणे सुरूच राहिले, तर घरी आणि वर्गशिक्षकांना सांग. ती चहाडी होत नाही.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांचा आहे आणि शालेय फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून काम करतो. प्रेक्षकांतील पालक सतत ओरडत असतात. गेल्या आठवड्यात मी एका संघाचा गोल ऑफसाइड ठरवून नाकारला आणि तो संघ एका गोलने हरला. दुसऱ्या दिवशी एका पालकाने मोबाइलवर काढलेले चित्रण पाहिले, तेव्हा गोल योग्य होता हे कळले. चूक कबूल केली तर माझा धाक राहणार नाही, असे ज्येष्ठ सहकारी म्हणतात. हे काम सोडून द्यावे असे वाटू लागले आहे. — एक नवोदित पंच

उत्तर : ओरड्याचा परिणाम तुमच्यावर होतो, हे तुमच्या कमकुवतपणाचे लक्षण नाही. अॅलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चाळीस प्रशिक्षित पंचांना एकाच सामन्यातील 47 झटापटी पडद्यावर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध 15.5 टक्के कमी फाउल दिले. तिथे तर मैदानही नव्हते आणि समोर रागावलेला पालकही नव्हता. केवळ पडदा आणि आवाज होता. पालकांनी हे वाचावे अशी माझी इच्छा आहे, कारण आपण फक्त मुलांना प्रोत्साहन देतो आहोत असे त्यांना वाटते, आणि प्रत्यक्षात ते एकोणीस वर्षांच्या मुलाच्या निर्णयावर दाब टाकत असतात.

चूक कबूल करण्याविषयी मी तुमच्या सहकाऱ्यांशी सहमत नाही, पण त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे ते आधी मांडते. सामना चालू असताना निर्णयाविषयी वाटाघाटी करू नयेत. खेळ पुन्हा सुरू झाला की निर्णय संपला. नाहीतर प्रत्येक शिट्टीनंतर दहा जण भोवती जमतील. सामना संपल्यानंतरची गोष्ट मात्र निराळी आहे.

एका आंतरशालेय सामन्यात मी एका मुलीचा गोल असाच नाकारला होता. चेंडू रेषेच्या बाहेर गेल्यावर तिने तो आत ओढला, असे मला वाटले. रेषेजवळ उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने सामन्यानंतर मला सांगितले की चेंडू आतच होता. सोमवारी मी तिच्या शाळेत गेले, तिच्या वर्गाबाहेर तिला भेटले आणि चूक सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाई, मी दोन दिवस विचार करत होते की माझेच काही चुकले का.’ ते ऐकेपर्यंत मला वाटत होते की मी माझ्या मनावरचे ओझे उतरवायला गेले आहे. तिच्या मनावर किती ओझे होते याची मला कल्पनाच नव्हती. माझा धाक त्यानंतर कमी झाला का, हे मी सांगू शकत नाही. पण त्या शाळेचा संघ पुढे माझ्या सामन्यात खेळला तेव्हा मुलींनी एकाही निर्णयावर वाद घातला नाही.

तेव्हा त्या संघाच्या प्रशिक्षकांची परवानगी घेऊन, ज्याचा गोल नाकारला त्या मुलाला भेटा. चित्रण पाहिले, निर्णय माझा चुकला, निकाल आता बदलता येत नाही, पण तू वेळेवर धावला होतास आणि तुझा गोल योग्य होता, एवढे सांगा. लांबलचक स्पष्टीकरण देऊ नका आणि पालकांच्या ओरड्याचे कारणही पुढे करू नका. त्या मुलाला त्याची गरज नाही. तुमच्या सहायकांबरोबर शेवटच्या बचावपटूच्या रेषेत उभे राहण्याचा सराव या आठवड्यात दोनदा तरी करा, कारण ऑफसाइडच्या बऱ्याचशा चुका नजरेच्या नसतात, उभे राहण्याच्या जागेच्या असतात. काम सोडायचे की नाही हा विचार हंगाम संपल्यावर करा. पुढचा सामना तुमच्या नावावर लागलेला असेल, तर अर्धा तास आधी मैदानावर पोहोचा.